भिणारे मामा

माझे मामा चालती बस मधेच थांबवून इंजिन बंद करत. गाडी रस्त्याच्या कडेला घेत, चावी फिरवत, आणि डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटं ठेवून समोरच्या काचेतून बघत बसत. मागे जालन्याच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला निघालेले कामगार असत, मांडीवर डबे घेऊन पेंगणारे. गाडी थांबली की त्यांच्यातला एखादा नवखा जागा होऊन विचारी, काय झालं म्हणून. शेजारचा डोळे न उघडताच सांगे, "काही न्हाई. नाडी बघून राह्यलेत." मग तोही पुन्हा मान टेकवी. इंजिन चालू असलं की सगळी गाडी थरथरते, त्या थरथरीत नाडी नीट कळत नाही, म्हणून ते बंद करावं लागतं, हे मामांनी मला एकदा फार गंभीरपणे समजावून सांगितलं होतं.

मी हसले. ते हसले नाहीत. "मी एकटा असतो तर चाललं असतं," ते म्हणाले. "मागं एवढी लेकराबाळांची माणसं असत्यात. माझं मधीच बंद पडलं तर गाडी कुठं जाईल?"

दिसायला मामा भिणारे नव्हते. दाराच्या चौकटीतून वाकून आत यावं लागे अशी उंची, जाड मिशा, रुंद पंजे. घरामागच्या सरपणात साप निघाला की शेजारची माणसं त्यांनाच बोलवायला येत. अंबड रोडवर एकदा समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरची उसाने भरलेली ट्रॉली सुटून रस्त्यात आडवी झाली, तेव्हा त्यांनी बस सरळ कपाशीच्या रानात उतरवली आणि कुणाला खरचटूही दिलं नाही. सगळे खाली उतरून थरथरत उभे होते, मामा मात्र बाटलीतलं पाणी पिऊन गाडी परत रस्त्यावर कशी घ्यायची ते बघत होते. अशा माणसाला स्वतःच्या छातीची भीती वाटते, यावर बाहेरच्यांचा विश्वास बसत नसे.

ती भीती त्यांना थोरल्या भावाने देऊन ठेवली होती. माझं आजोळ जांब समर्थच्या अलीकडे. तिथल्या घराच्या ओट्यावर एका सकाळी दोघे भाऊ चहा पीत बसले होते. थोरले मामा तेव्हा चाळिशीचेही नव्हते. पाठीत भरून आल्यावानी वाटून राह्यलंय, असं ते म्हणाले, माझ्या आजीकडून चिमूटभर ओवा मागून घेतला आणि भिंतीला टेकले. धाकटे मामा कुठल्याशा बियाण्याबद्दल बोलत होते. औंदा कोणतं लावायचं, मागच्या साली कोणतं फसलं. बराच वेळ उत्तर आलं नाही म्हणून त्यांनी वळून पाहिलं. थोरल्या मामांच्या हातात बशी तशीच होती. चहा सांडलासुद्धा नव्हता.

"मी बोलून राह्यलो होतो, अन् ते कवाचेच गेल्ते," मामा सांगत. ही हकिगत मी त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकली, आणि दर वेळी ती त्याच शब्दांवर येऊन थांबे. "काच फुटली तरी आवाज होतो, माय. हे बंद पडलं तर शेजारी बसलेल्याला बी कळत न्हाई."

बारावीनंतर बीएस्सी करायला मी त्यांच्याकडे राहायला आले. नवीन जालन्याच्या कडेला दोन खोल्यांचं घर, पुढे मोकळी जागा, तिथे बस उभी असे. खिडकीशी मामीचं शिलाई मशीन. मामा-मामींची एकुलती मुलगी लग्न होऊन परभणीला गेलेली होती, त्यामुळे माझं येणं दोघांनाही बरं वाटलं. मामा पाळी सोडून परतले की चहा घेऊन माझ्यासमोर बसत आणि आज कॉलेजात काय शिकवलं ते विचारत. मी बेडकाचं सांगो की बुरशीचं, थोड्या वेळाने ते गाडी हळूच हृदयावर आणत.

मी पुस्तक उघडून त्यांना सांगे. मुठीएवढा स्नायू, आत चार कप्पे. उजवी बाजू वापरलेलं रक्त घेऊन फुप्फुसांकडे धाडते, डावी बाजू ताजं रक्त सगळ्या अंगभर ढकलते. मधे झडपा, रक्त उलटं फिरू नये म्हणून. छातीला कान लावल्यावर जो आवाज येतो तो या झडपा मिटण्याचा. हे ऐकून मामा चकित झाले. म्हणजे आपण इतकी वर्षं दारं लागल्याचा आवाज ऐकत होतो का, असं त्यांनी विचारलं. मग मी सांगितलं की ठोका द्यायची वीज हृदयातच वरच्या एका कोपऱ्यात तयार होते, बाहेरून कुणी सांगावं लागत नाही. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी चहा तसाच खाली ठेवला.

"म्हंजे ते मनानंच चालतं," ते म्हणाले. "अन् मनानंच थांबतं."

दुसऱ्या एका दिवशी त्यांनी विचारलं, सगळ्या अंगाला हृदय रक्त देतं, मग हृदयाला कोण देतं? मी म्हटलं, त्याच्या पोटातून एवढं रक्त जातं, पण ते त्याला वापरता येत नाही. त्याच्यासाठी बाहेरून वेगळ्या बारीक रक्तवाहिन्या असतात. त्या चोंदल्या की हृदयाचा तेवढा भाग उपाशी पडतो, त्यालाच झटका म्हणतात. मामांना हे लगेच कळलं. आमच्या भागात नळाला पाणी आठवड्याने येई, तेही टाकीच्या पायथ्याशी राहणाऱ्या लोकांना सगळ्यात उशिरा. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, टाकी भरलेली असून उपयोग नाही, तिच्याच घरचा नळ कोरडा.

पण एक गोष्ट त्यांना आवडली होती. हृदय दोन ठोक्यांच्या मधे विसावतं, आणि त्याला स्वतःचं रक्त मुख्यतः त्या विसाव्यातच मिळतं. हे त्यांनी माझ्याकडून पुनःपुन्हा सांगून घेतलं. मी अभ्यासात असले तरी येऊन विचारत, "ते विसाव्याचं खरंच हाय ना?" मी हो म्हटलं की जरा सैल पडत.

भीती लागते, हे मी त्या घरात शिकले. थोड्याच महिन्यांत माझाही हात मनगटावर जाऊ लागला. प्रयोगशाळेत उभी असताना छातीत काही टोचलं की माझे पाय गार पडत. मामा दुपारी झोपलेले असले तर मी दारातून जाता जाता त्यांची छाती वर-खाली होते ना ते बघून घेई. एकदा ते फारच शांत झोपले होते. मी दारातच उभी राहिले. मला पुढेही जाता येईना आणि मागेही फिरता येईना. मग त्यांनी कूस बदलली आणि मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला धरून उभी राहिले.

जालन्यातल्या एका खाजगी दवाखान्यात हृदयाच्या डॉक्टरबाई होत्या. मामा त्यांचे जुने पेशंट. छातीत, खांद्यात, दंडात काही झालं की आमची वरात तिकडे निघे. मामा पुढे, मामी मागे, आणि सुट्टी असली तर मी. तिथली नर्स मामांना बघून न सांगता पलंगावर कागद अंथरी. छातीला चिकटवायच्या त्या थंड बुचांची आणि चिमट्यांची मामांना सवय झाली होती. कार्डिओग्रामची पट्टी मशीनमधून बाहेर येताना ते डोळे घट्ट मिटून घेत. पट्टी दर वेळी चांगलीच येई.

डॉक्टरबाईंनी एकदा त्यांना पट्ट्यावर चालवायची तपासणी करायला सांगितली. पडून असताना जे दिसत नाही ते जोर पडल्यावर दिसतं, म्हणून. छातीला वायरी लावून मामा त्या सरकत्या पट्ट्यावर उभे राहिले, तेव्हा त्यांचे ओठ पांढरे पडले होते. त्यांनी मला समोर उभं राहायला लावलं. पट्टा वेग घेऊ लागला, मग पुढून उचलला जाऊ लागला, चढावर चालल्यासारखा. मामा माझ्या तोंडाकडे बघत चालत होते, आणि त्या डोळ्यांत जे होतं ते मला सहन होईना. पण मी नजर वळवली असती तर ते पडले असते असं मला वाटलं. तपासणी पूर्ण झाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, तरण्या माणसाचं हृदय आहे. मामा खाली उतरून स्टुलावर बसले. बाहेर आल्यावर ते मामीला म्हणाले, "माणूस मरतो का न्हाई ते मारूनच बघत्यात हे लोक."

इको मात्र त्यांना आवडला. डाव्या कुशीवर निजवून डॉक्टरबाईंनी छातीला जेली लावली आणि पडद्यावर करड्या सावल्या हलू लागल्या. बाई एकेक दाखवत होत्या. ही भिंत, ती आत कशी ओढली जाते बघा. हा डावा कप्पा, दर वेळी यातलं किती रक्त बाहेर जातं त्यावरून ताकद कळते. ही झडप. झडप पातळ होती आणि उघडमीट करत होती. मामांनी मान वळवून पाहिलं आणि विचारलं, हे माझंच का? तुमचंच, बाई म्हणाल्या. घरी आल्यावर ते मामीला सांगत राहिले की वासराच्या कानावानी हलत होतं. त्यानंतर पंधरा-वीस दिवस बस कुठेही मधे थांबली नाही.

मग पुन्हा थांबू लागली. तपासणीचा दिलासा दर वेळी थोडा लवकर विटे. शेवटी डॉक्टरबाईंनी त्यांना समोर बसवून सांगितलं की तुमच्या हृदयाला काही झालेलं नाही, तुम्हाला भीतीचा आजार आहे. तोही खराच आजार आहे, आणि त्याचे डॉक्टर वेगळे असतात. मामांना ते फार लागलं. दोन दिवस जेवले नाहीत. मामीने मात्र त्यांना त्या वेगळ्या डॉक्टरांकडे नेलंच. तिथल्या गोळ्यांनी आणि बोलण्याने बराच फरक पडला. आठवड्यात एखाद्या वेळीच गाडी कडेला घ्यावी लागे.

मामी या सगळ्यात कधीच घाबरली नाही. ती गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायची, भाकरी थापता थापता गिऱ्हाइकाचं माप पाठ म्हणायची. "बंद पडायचं ते सांगून पडत न्हाई," ती म्हणे, "मंग आपून कशाला त्याच्या मागं मागं फिरायचं?" दवाखान्यात ती बाकावर डबा घेऊन बसे, नर्सशी ओळख काढे, मामा बाहेर आले की त्यांच्या शर्टाची बटणं लावून देई. इतक्या वेळा ती त्या दवाखान्यात आली, पण तिच्या दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा कधी बांधला गेला नाही. साखरही कुणी बघितली नाही. पेशंट मामा होते.

शिक्षण संपवून मी अंबडला शाळेत शिकवू लागले, तिथेच लग्न झालं. तरी ब्लाउज मामीकडूनच शिवून घेई. एका रविवारी, उन्हाळ्यात, सकाळीच मी माप द्यायला जालन्याला गेले होते. मामा बाहेर बस धूत होते. मामी मशीनवर बसून बोलत होती आणि बोलता बोलता तिचा पाय थांबला. तिने जबड्यावर हात ठेवला. पित्त झालंय, म्हणाली. कूलर समोर चालू होता आणि तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मग ती उठून मोरीत गेली आणि ओकली. मी लिंबू चिरायला घेतलं. उन्हाळ्यात कुणालाही व्हावं तसंच ते मला वाटलं.

मामा बादली भरून घ्यायला आत आले. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं. मामी भिंतीला टेकून खाली बसली होती.

"काही न्हाई वो," ती म्हणाली. "पाठीत भरून आल्यावानी वाटून राह्यलंय."

मामांच्या हातातली बादली खाली गेली. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि माझ्या हातातली सुरी थांबली. त्यांनी तिची नाडी बघितली नाही. काही विचारलं नाही. ते फक्त म्हणाले, "ऊठ." तिने सांगितलं की संध्याकाळपर्यंत दोन ब्लाउज द्यायचेत. त्यांनी तिला दोन्ही हातांनी उचललं आणि तसंच बसमध्ये नेऊन ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर ठेवलं. मी तिला धरून बसले.

ती रिकामी बस मला अजून आठवते. एरवी माणसांनी भरलेल्या सीटा नुसत्या खडखडत होत्या, आणि पुढे मामा होते, शर्ट ओला, पायात चप्पल नाही. स्टेशनच्या रस्त्याला रविवारची गर्दी होती. ते हॉर्न दाबत होते आणि आरशातून मागे बघत होते. मला वाटत होतं, आता यांना काहीतरी होणार, आता हे गाडी कडेला घेणार. माझी एक बाजू मामीच्या घामाने भिजली होती. तिचं डोकं माझ्या खांद्यावर जड होत चाललं होतं आणि मी मनात एवढंच म्हणत होते की थांबू नका. त्यांनी थेट दवाखान्याच्या दारातच ब्रेक मारला.

तिथे ज्या पलंगावर मामा निजत त्यावर मामीला निजवलं. तिचं ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं, साखरही बरीच होती. कार्डिओग्राम काढला. पट्टी चांगली आली. तोवर ओकारी थांबून तिला थोडं हलकं वाटू लागलं होतं. ती उठून बसली आणि घरी जायचं म्हणाली.

याच वेळी मामीचा भाऊ आला. तो बियाण्याच्या कामाने जालन्यात होता, मीच त्याला फोन केला होता. पट्टी चांगली आहे हे ऐकून त्याचा जीव भांड्यात पडला, आणि मग त्याला रागच आला. दाजी स्वतः भितात ते भितात, आता माझ्या बहिणीलाही पेशंट करून ठेवतात, असं तो माझ्याकडे बघून बोलला, पण मामांना ऐकू जाईल असं.

डॉक्टरबाईंनी शांतपणे सांगितलं की पहिल्या पट्टीत सगळंच दिसतं असं नाही. बायकांचं दुखणं पुष्कळदा छातीत येतच नाही, जबड्यात येतं, पाठीत येतं, नुसतं मळमळतं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात एक गोष्ट वाढते, तिची तपासणी पाठवली आहे, पण तीसुद्धा वाढायला वेळ लागतो. म्हणून थांबा, थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पट्टी काढू.

मामीने पाय खाली सोडून चप्पल शोधायला सुरुवात केली. भावाने तिला हात दिला. तेव्हा मामा वॉर्डच्या दारात गेले आणि चौकटीला पाठ लावून जमिनीवर बसले. एवढा मोठा माणूस, त्याला ओलांडून कुणाला जाता येईना. मेव्हणा म्हणाला, लोक बघून राह्यलेत, उठा. मामा उठले नाहीत.

"मागं एकदा मी बोलत बसल्तो," ते म्हणाले. "आज गप बसून थांबणार हाय. तुमाला जायचं तर माझ्यावरून जा."

मेव्हण्याने बहिणीचा हात सोडला. थोरल्या मामांची हकिगत त्यालाही माहीत होती.

आम्ही थांबलो. नर्स येऊन दुसरी पट्टी काढून गेली, तीही तशीच. मामी कंटाळून भिंतीकडे तोंड करून पडली. तिसऱ्या पट्टीच्या वेळी नर्सने ती हातात घेतली आणि काही न बोलता झपाझप बाहेर गेली. डॉक्टरबाई आल्या तेव्हा त्यांचं चालणं बदललेलं होतं. त्यांनी मामीला गोळ्या चावून खायला लावल्या, हाताला सलाईन लावायला सांगितलं आणि मग आमच्याकडे वळल्या. हृदयाला रक्त देणारी एक वाहिनी बंद होत चालली आहे. इथे गोळ्या-इंजेक्शनं सुरू केली आहेत, पण संभाजीनगरला नेऊन अँजिओग्राफी करायला हवी, लगेच. घरी गेला असता तर, असं वाक्य त्यांनी सुरू केलं आणि पुरं केलं नाही. मामीचा भाऊ बाकावर बसला आणि त्याने तोंडाला रुमाल लावला.

अँब्युलन्स यायची होती तेवढ्या वेळात मामीने मामांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मी तिचा तसा चेहरा पाहिला नव्हता. डोळे मोठे झाले होते आणि चादरीवर बोटं नुसती फिरत होती.

"मला भेव वाटून राह्यलं," ती म्हणाली.

मामा पलंगाच्या कडेला बसले. त्यांनी तिचा हात आपल्या हातात घेतला.

"वाटू दे," ते म्हणाले. "भ्यायचं कसं ते मला येतं. मी सांगतो तसं कर. छाताडाकडं ध्यान देऊ नको. माझ्याकडं बघ अन् हळू श्वास सोड. दोन ठोक्यांच्या मधी ते विसावतं बघ, तेवढाच विसावा आपून बी घ्यायचा. मंग पुढचा."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. अँब्युलन्समध्येही तिने नजर हलवली नाही. बदनापूर मागे पडलं तेव्हा मामा अजून तेच बोलत होते, हळू आवाजात, मधेच थांबून, पुन्हा पहिल्यापासून.

संभाजीनगरला तिला आत नेलं आणि दार मिटलं. मनगटातून बारीक नळी हृदयापर्यंत सरकवून, रंग सोडून वाहिन्या बघतात, अडथळा असेल तिथे फुगा फुगवून जाळी बसवतात, हे मी मामांना सांगितलं. त्यांना एरवी अशा माहितीची हौस, पण तेव्हा काही ऐकू येत नव्हतं. ते कॉरिडॉरच्या भिंतीकडे तोंड करून उभे होते, कपाळ भिंतीला टेकलेलं. मी शेजारी उभी राहिले. मलाही बसवत नव्हतं. दार उघडलं की मी पुढे होई आणि बाहेर दुसऱ्याच कुणाचा तरी माणूस येई. शेवटी आमच्या डॉक्टरांनी येऊन सांगितलं की जाळी बसली, रक्त सुरू झालं. मामांनी माझ्याकडे बघून विचारलं, काय म्हन्ले? मी सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा सांगितल्यावर ते खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले.

मामी वाचली. पुढे इकोत दिसलं की हृदयाच्या भिंतीचा एक भाग सुस्त झालाय, बाकीचा त्याचं काम ओढतो. गोळ्या कायमच्या लागल्या, मीठ कमी झालं, पायाच्या मशीनला मोटर बसली. मामा रोज कामावर जायच्या आधी तिला चालायला नेत. ती पुढे, ते मागे, तिच्या पायांकडे बघत. तिला धाप लागते का, पाय सुजलेत का, वजन वाढलं का. बसमधल्या लोकांनी मला सांगितलं की आता मामा गाडी थांबवतात ते घरी फोन करायला. मामीला याचा वैताग येई. "आधी एकट्याचं भेव होतं," ती म्हणे, "आता दोघांचं झालं." पण गोळी घ्यायला ती विसरत नसे. गिऱ्हाईक बायका माप द्यायला आल्या की आधी त्यांना दंडाला पट्टा बांधून या म्हणून दवाखान्यात पिटाळी, आणि पन्नाशीच्या एका बाईने टाळाटाळ केली तर तिचं कापडच घेत नसे.

त्यानंतर काही वर्षांनी मामांचं पोट दुखू लागलं. त्याला त्यांनी पित्त म्हटलं. दवाखान्यात गेले ते फार उशिरा, कारण पोटाची त्यांना कधी भीती वाटली नव्हती. कॅन्सर होता आणि पसरलेला होता. उपचार झाले, थोडे महिने मिळाले, मग डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. दाराच्या चौकटीत न मावणारा माणूस अंथरुणात मावून जागा उरू लागली.

मी सुट्टी घेऊन जाऊन राहिले. एका सकाळी त्यांना जरा बरं वाटत होतं. मी त्यांचे पाय चेपत होते. आता भीती वाटते का, असं मला त्यांना विचारायचं होतं, पण धीर होत नव्हता. ते त्यांना कळलं असावं.

"येणारे-जाणारे म्हणत्यात, भिऊ नका," ते म्हणाले. "त्यांना काय सांगायचं? मी जन्मभर भ्यालो, माय, अन् जगलो बी. दोन्ही संगंच होतं. एक सरल्यावर दुसरं, असं काही न्हाई."

मग ते दमले आणि डोळे मिटून पडले.

शेवटचे दोन दिवस त्यांना शुद्ध नव्हती. जवळचे एक डॉक्टर घरी येऊन बघून जात. ते स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत आणि मान हलवत. बाकी सगळं थकलं आहे, मूत्रपिंडं बंद होत आलीत, पण हृदय अजून चांगलं आहे, म्हणून वेळ लागतोय, असं त्यांनी मला ओसरीत सांगितलं. मामी दारात उभी होती. तिने ऐकलं.

ती आत जाऊन मामांच्या उशाशी बसली. दुपार होती, खिडकीला ओला पडदा लावला होता. मामांचा श्वास लांब लांब पडत होता. मामीने त्यांच्या शर्टाची वरची बटणं सोडली आणि छातीवर तळहात ठेवला. तशी ती फार वेळ बसून होती. मी पायथ्याशी होते. मला भीती वाटत होती आणि मी ती तशीच वाटू दिली.

"अजून चालून राह्यलंय," ती मला म्हणाली. "काय गं हे. बिचाऱ्यावर जन्मभर संशय घेतला यांनी, अन् त्यानं एक दिवस दगा दिला न्हाई."

मग तिने मान खाली घातली, हात तिथेच ठेवला, आणि थोड्या वेळाने छातीकडे वाकून, एखाद्या दमलेल्या माणसाशी बोलावं तसं हळूच म्हणाली, "बस आता. बराबर केलंस तू."

ऊन उतरायच्या आत मामा गेले.